वेगळी चूल

आमच्याकडे म्हातारीच्या पेन्शनीला पगार म्हणतात. वडखळपासून कासू-नागोठण्यापर्यंत कुठल्याही गावात जा, महिन्यातली एक सकाळ बँकेच्या पायरीवर म्हाताऱ्या बसलेल्या दिसतील. कुठं निघालीस गं, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पगार काराला." श्रावणबाळ, संजय गांधी, इंदिरा गांधी ही नावं कागदावरची. तोंडात आपला पगार. मला हा शब्द पटतो. जिनं जन्मभर आवण काढलं, लावणी केली, खाडीचं पाणी आत शिरू नये म्हणून बांधावर चिखलाचे गोळे टाकले, तिच्या हातावर महिन्याच्या महिन्याला कुणी कधी पैसे ठेवले नव्हते. म्हातारपणी का होईना, ठेवले.

संजय गांधी निराधार योजना सुरू झाली ती 1980 मध्ये, आपल्याच जिल्ह्यातले बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना. पुढे 65 च्या वरच्या म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ आली. आधी महिना 600 मिळायचे, मग 1,000, आणि 2023 पासून 1,500. अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत पाहिजे. म्हणजे महिना 1,750. रोजगार हमीवर सरकारनेच 2025 साली 312 रुपये रोज ठरवला. त्या हिशेबाने घरातलं एक माणूस 68 दिवस खड्डे खणायला गेलं की घर अटीबाहेर. उरलेले तीनशे दिवस त्या घरानं काय खायचं, हे अटीत लिहिलेलं नाही.

म्हणून गावानं आपली वाट काढली. म्हातारीला वेगळं काढायचं. खरंखुरं नाही, कागदावर. रेशनकार्ड वेगळं, उत्पन्नाचा दाखला वेगळा आणि चूल वेगळी. चूल हा शब्द सरकारचाही आहे. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. चूल वेगळी की कुटुंब वेगळं.

माझ्या थोरल्या आत्याची चूल अशीच वेगळी झाली. तिचं गाव कासूच्या अलीकडे-पलीकडे, नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलगा कारखान्यात कामाला, पगारदार. पाहणी होणार म्हणून आत्यानं पडवीत तीन विटा मांडल्या, वर टोप ठेवला. विटा नव्या, त्यांना काजळीचा ठिपका नाही. पाहणाऱ्याला ते दिसलं असेलच. पण ज्याला रोज दहा पडव्यांत दहा कोऱ्या चुली दिसतात, तो काजळी शोधत बसत नाही.

हे खोटं होतं का? होतं. आत्या जेवायची सुनेच्या हातचं. पण याला दुसरीही बाजू आहे. आत्याच्या हातात पैसा कधी यायचा? मुलगा वाईट नव्हता. तांदूळ, मासळी, औषध, सगळं आणायचा. मात्र विड्याचं पान हवं असेल, माहेरच्या नातवाच्या हातावर दहाची नोट ठेवायची असेल, पंढरीला जायचं असेल, तर मागावं लागायचं. मागितलं की "कशाला पाहिजे?" हा प्रश्न यायचा. सरकार म्हणतं, मुलाचं उत्पन्न ते आईचं उत्पन्न. ही समजूत कुठल्या घरातून घेतली, ठाऊक नाही. आईवडिलांना सांभाळत नसलेल्या मुलाविरुद्ध प्रांताकडे दाद मागायचा कायदा 2007 सालापासून आहे, दरमहा पोटगी ठरवून मिळते. आत्याला एकदा मी तो समजावला. ती म्हणाली, "पोटच्या पोरावर अर्ज करू? त्यापरीस तीन इटा बऱ्या."

धर्मराज अर्धं सत्य बोलला आणि त्याचा रथ जमिनीला टेकला, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आत्याची चूल हेही अर्धंच सत्य. चूल वेगळी नव्हती, पण कनवटीला पैसा नव्हता हे खरं होतं. कागदाला चुलीची भाषा समजते, कनवटीची समजत नाही. म्हणून तिनं कनवटीची गोष्ट चुलीच्या भाषेत सांगितली. तिच्या पगाराबद्दल मला कधी लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

पुढे त्याच तीन विटांवर घर उभं राहिलं, आणि प्रश्न तिथून सुरू होतो.

2011 साली सामाजिक-आर्थिक जातगणना झाली. गणना करणारे आले तेव्हा आत्याचं घर मातीचं, कुडाचं, वर कौलं, एकच खोली. आतोबा आधीच गेलेले, त्यामुळे कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव लागलं. ही नोंद शंभर टक्के खरी होती. त्याच सुमारास पळस्पे ते इंदापूर महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम सुरू झालं. रस्त्याकडेची जमीन गेली, मोबदला आला, आणि मुलानं त्यातून स्लॅबचं घर बांधलं, स्वतःच्या नावावर. आत्या तिकडे राहायला गेली. जुनं घर पडलं, जोतं तेवढं राहिलं.

2016 साली इंदिरा आवासची प्रधानमंत्री आवास झाली आणि लाभार्थी निवडायला आधार घेतला तो 2011 च्या गणनेचा. पक्क्या घरात राहणारे वगळायचे, घरात दरमहा दहा हजारांवर कमावणारा असेल तर वगळायचं, असे नियम होते. ग्रामसभेनं यादी तपासायची होती. पण आत्या कागदावर मुलापासून वेगळी झालेली. तिच्या नावावर ना पक्कं घर, ना उत्पन्न. 2018 साली घरकुल मंजूर झालं. 1,20,000 रुपये, हप्त्याहप्त्यानं, प्रत्येक हप्त्याला जोत्याचा, भिंतीचा, छपराचा फोटो. घर झालं, दाराशेजारी योजनेचं आणि आत्याचं नाव रंगवलं. आत्या त्यात एक रात्रही झोपली नाही. मुलानं ते बाहेरून कामाला आलेल्या माणसांना भाड्यानं दिलं. भाडं मुलाच्या खिशात. माझी नोकरी तेव्हा लांबच्या शाळेत. निवृत्त होऊन परत आलो तेव्हा घर उभं होतं आणि दोरीवर परक्या माणसांचे कपडे वाळत होते.

त्या वर्षी गावाच्या वाट्याला जितकी घरं आली, ती आत्याच्या नावावर संपली. तिच्यानंतरचं नाव शेजारच्याच आळीतल्या एका विधवेच्या नवऱ्याचं. नवरा गेलेला, दोन मुलं, घराला एका बाजूला कूड, वर पत्रा आणि पत्र्यावर निळं प्लास्टिक.

आता तीन गोष्टी लोक म्हणतात, त्या बघू. मी त्या अनेकदा ऐकल्या आहेत, आणि त्या सगळ्याच काही मूर्खपणाच्या नाहीत.

पहिली, सरकारचा पैसा आहे, तुमच्या बापाचा गेला का? पगाराच्या बाबतीत यात थोडं तथ्य दिसतं. एका म्हातारीचा पगार सुरू झाला म्हणून दुसरीचा बंद पडला, असं बोट ठेवून दाखवता येत नाही. घरकुलाचं तसं नाही. तिथं यादी असते, यादीत नंबर असतो आणि दर वर्षाचा आकडा ठरलेला असतो. रांगेत कुणी मध्ये शिरलं तर मागचा एक पाऊल मागे जातो. त्या मागच्याला नाव असतं, घर असतं, आणि गावात तर तो रोज दिसतो. सरकार कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याला फसवताना काही वाटत नाही. पण इथं फसवलं जात होतं ते सरकार नव्हतं. ती चार घरं सोडून राहणारी बाई होती.

दुसरी, सगळेच करतात. हेही खरं आहे. कागदावर वेगळं व्हायची युक्ती गरिबानं शोधलेली नाही. कमाल जमीनधारणेचा कायदा 1961 साली आला, तेव्हा ज्यांच्याकडे जास्त जमीन होती त्यांनी रातोरात कागदावर वाटण्या केल्या. भाऊ वेगळे, पुतणे वेगळे, जेवायला मात्र एकाच पंगतीत. घराचंच बघायचं तर माणिकराव कोकाट्यांचं प्रकरण घ्या. उत्पन्न कमी दाखवून, खोटी कागदपत्रं देऊन मुख्यमंत्र्यांच्या कोट्यातून नाशकात घरं घेतली, अशी तक्रार 1995 साली झाली. निकाल लागला 20 फेब्रुवारी 2025 ला, दोन वर्षांची शिक्षा. तेव्हा ते राज्याचे कृषिमंत्री होते. पुढे अपील झालं, प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. त्याच वर्षी जुलैत, आपल्याच जिल्ह्यातल्या मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की लाडकी बहीण योजनेत सुमारे 26.34 लाख लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचं आढळलं. 14,000 हून जास्त पुरुषांनीही बहिणीचे पैसे घेतल्याचं निघालं. पारावर हे वाचून दाखवलं की माणसं हसतात आणि म्हणतात, मग आमच्या आत्यालाच का धरता?

बरोबर आहे. आत्यालाच धरू नये. पण मोठा चोर मोकळा आहे, यानं मागे उभ्या असलेल्या बाईच्या घराला पत्रा मिळत नाही. तीस वर्षांनी मंत्र्याचा निकाल लागला काय आणि न लागला काय, तिच्या स्वयंपाकघरात पाणी पडायचं ते पडतंच. "सगळेच करतात" हे वाक्य नेहमी ज्याला मिळालं तोच बोलतो. ज्याचं गेलं त्याच्या तोंडी ते मी कधी ऐकलं नाही.

तिसरी, आज ना उद्या तिलाही मिळेलच की. मिळालंही. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यात एकदम सुमारे 20 लाख घरकुलांच्या मंजुरीची पत्रं निघाली, त्यात तिचंही नाव आलं. पण 2018 ते 2024, मोजा, सात पावसाळे. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्यात सात वर्षं रात्री उठून टोप, हंडे, तांबे पाण्याखाली लावायचे. मुलांची दप्तरं मडक्यांच्या उतरंडीवर ठेवायची. सरकारी हिशेबात आत्यानं जास्तीचे 1,20,000 घेतले असं होईल. ते वसूलही करता येतील. सात पावसाळे कुठल्या खात्यात परत भरायचे?

या सातातला एक पावसाळा मला नीट सांगायला हवा, कारण खरा पेच त्यात आहे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. त्याआधी टाळेबंदीत भाडेकरू आपापल्या मुलखाला निघून गेले होते, घरकुलाला कुलूप होतं. दुपारी वारा सुरू झाला आणि त्या बाईचा पत्रा कागदासारखा उडाला. मुलांना पोटाशी धरून ती आत्याच्या पडवीत आली. आत्यानं कमरेची किल्ली काढली, मुलाला न विचारता वाऱ्यातून चालत जाऊन घरकुल उघडलं. बाई आणि मुलं बारा दिवस तिथं राहिली. गावात वीज नव्हती, आत्या सकाळ-संध्याकाळ भाकरी पोचवायची. गावानं आत्याचं तोंड भरून कौतुक केलं. मीही केलं, आणि ते मनापासून होतं.

तेराव्या दिवशी पत्रे मिळाले, बाई आपल्या घरी गेली. पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे आली. गावात अर्ज लिहायचा असला की लोक माझ्याकडे येतात, मास्तर म्हणून. म्हणाली, "मास्तर, एक कागद लिवून द्या. यादीत माजा नंबर कितवा व्हता, तेवरा इचारायचाय." ती बारा दिवस त्या घरात निजली होती. दारावरचं नाव, सालाचा आकडा रोज वाचत होती. वाचता वाचता तिनं बोटांवर हिशेब केला होता.

भावकीत एकच कल्लोळ झाला. उपकार विसरली. जिनं आसरा दिला तिच्यावरच उलटली. मलाही निरोप आले की सख्ख्या आत्याविरुद्ध कागद लिहिणार का?

मी बरेच दिवस या उपकारावर विचार केला. आत्यानं दार उघडलं ते खऱ्या मायेनं, यात शंका नाही. पण दुसऱ्याच्या वाट्याचं अंथरूण आपण गुंडाळून ठेवायचं, आणि त्यालाच थंडीच्या एका रात्रीपुरतं उसनं द्यायचं, आणि वर त्यानं पाया पडावं म्हणायचं, हे कसं? उपकार आपल्या ताटातला दिला तर उपकार. दुसऱ्याच्या ताटातला दिला तर ती परतफेड, तीही अर्धवट. आपल्या गावात दयेला तोटा नाही. वादळात कुणी कुणाला बाहेर ठेवत नाही. पण दया करणाऱ्याच्या हाती किल्ली राहते. हक्क मिळाला तर किल्ली त्या बाईच्या कमरेला असते. तिला एवढंच हवं होतं, आणि ते मागणं उपकार विसरणं नाही.

नात्याचंही मी टाळून चालत नाही. नात्यातल्या माणसाला पाठीशी घालावं, ही शिकवण वाईट नाही. आजारी पडलं, कर्जात बुडलं, पोलिसात अडकलं, तर पहिल्यांदा आपलंच माणूस धावतं. ते गेलं तर गावात उरेल काय? पण पाठीशी घालायचं ते संकटातून. मिळकतीला पाठीशी घालणं म्हणजे त्यातला आपला वाटा राखणं. आणि भावकी जिच्या नावानं रागावली होती, त्या आत्याला त्या घरातून मिळत काय होतं? नाव तिचं, भाडं मुलाचं.

म्हणून मी आधी आत्याकडे गेलो. पाठीमागून कागद जाणं मला बरं वाटलं नसतं. सांगितलं, अशी अशी ती आली होती, मी लिहून देणार आहे. तुझं नाव त्यात घालणार नाही, पण उत्तर आलं की तुझं नाव निघेल. आत्या बराच वेळ पान जुळवत बसली. मग म्हणाली, "लिव. घराचा भारा मना मिलत नाय आनि झोप बी लागत नाय. पाऊस आला का मी हतून तिच्या छपराकं बगतंय." आणि थोड्या वेळानं, "पगार तेवरा बंद करू नको रे बाला. तेवराच माजा हाय."

या दोन वाक्यांत तिनं जो भेद केला, तो मी कुठल्याही शासन निर्णयात वाचलेला नाही. दोन्ही लाभ एकाच खोट्या चुलीवर शिजलेले. कायद्याला दोन्ही सारखे, किंबहुना कायदा आधी पगारच बंद करील, कारण तो बंद करायला सोपा. आत्याला मात्र नेमकं ठाऊक होतं, यातलं कुठलं तिच्या हातात पडतं आणि कुठलं कुणाच्या तोंडचं काढलेलं आहे.

अर्ज गेला. उत्तर आलं, नंबर तिचाच पुढचा होता. बाईला आत्यावर केस नको होती, वसुली नको होती. ग्रामसभेत तिनं तो कागद वाचून दाखवला. सभेत थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. त्या वर्षी गणपतीत आत्याच्या घरून मला आरतीचं बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी आलं.

आत्या 2023 च्या भादव्यात गेली. तिचा पगार तिथंच थांबला. मुलानं मृत्यूचा दाखला वेळेत दिला, तेवढं त्याच्याबद्दल म्हणायलाच हवं. घरकुल मात्र वारसानं त्याच्याकडे गेलं, स्लॅबच्या घराच्या मालकाकडे. आज तिथं नवे भाडेकरू आहेत. दाराशेजारचं आत्याचं नाव अजून वाचता येतं.

आता आवास प्लसची नवी पाहणी झाली. मोबाइलवरून आपला आपणच फोटो काढून अर्ज भरता येत होता. ज्यांना जमत नव्हतं ते माझ्याकडे यायचे. काही जणांच्या पडवीत पुन्हा नव्या विटा दिसल्या. मी कुणाला उपदेश केला नाही. म्हातारीच्या पगाराचा कागद असला तर मी चुलीबद्दल फार विचारत नाही, पैसे कुणाच्या हातात पडणार एवढंच विचारतो. घराचा कागद असला तर मात्र लिहायला घेण्याआधी विचारतो, तुझ्यामागे यादीत कोण आहे, ठाऊक आहे का? बहुतेकांना ठाऊक असतं. काही जण नाव सांगतात आणि कागद पुढे सरकवतात. दोघे जण मात्र उठून गेले, आणि परत आले नाहीत.